रविवारचा आवाज

खोलीच्या मधोमध उभं राहून इलियास मुजावरांनी एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. दोन पावलं सरकून दुसरी वाजवली. मग कोपऱ्यात जाऊन तिसरी. साठीचा गृहस्थ, डोक्याला जाळीची टोपी, खिशाला तीन स्क्रू ड्रायव्हर, आणि भर दुपारी माझ्या पुढच्या खोलीत टाळ्या वाजवत हिंडतोय. समोरच्या लागूबाईंनी पाहिलं असतं, तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं.

"खोलीत काय दोष न्हाई, ताई," ते म्हणाले. "टाळी बघा, लगेच मरतीय. सतरंजी हाय, गादी हाय, भिंतभर पुस्तकं हायत. साहेबांनी खोली चांगली राखलीय."

"मग दोष आहे कुठे?"

"त्येच तर बघतोय की," असं म्हणून त्यांनी खाली मांडी ठोकली आणि ॲम्प्लिफायरचं झाकण उघडायला घेतलं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. सांगलीतलं आमचं घर, ऑक्टोबरचा उकाडा, गुरुवार. आणि माझ्या हातात होते तीन दिवस. रविवारी चार वाजता घळसासी वकील टेम्पो घेऊन येणार होते आणि दादाचं यंत्र घेऊन जाणार होते.

यंत्र म्हणजे तबकड्या, गाण्याच्या रेकॉर्डी, वाजवायची सगळी मांडामांड. तबकडी ठेवायची फिरती थाळी, तिच्याखाली ॲम्प्लिफायर, आणि दोन बाजूंना कंबरेएवढ्या उंचीचे सागवानी स्पीकर, जे दादाने सुताराला समोर बसवून करून घेतले होते. दादा माझा थोरला भाऊ, मुकुंद परचुरे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याने लग्न केलं नाही, मीही केलं नाही. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. आई गेल्यावर आम्ही दोघं एकत्र राहिलो ते चोवीस वर्षं, आणि त्या चोवीस वर्षांत एकही रविवार असा गेला नाही की चार वाजता आमच्याकडे बैठक बसली नाही. घळसासी वकील, दातांचे पोतनीस डॉक्टर, आणखी तीन-चारजण. गाणं ऐकायचं, दोन तबकड्यांच्या मध्ये वाद घालायचा, पोहे खायचे, चहा प्यायचा, सहाला उठायचं. मधल्या खुर्चीत दादा. ती खुर्ची त्याची. दोन्ही स्पीकर तिथून सारख्या अंतरावर येतात म्हणे. पोतनीस डॉक्टर एकदा चुकून तिच्यात बसले, तर दादाने त्यांना तोंडाने काही न म्हणता नुसतं बघून उठवलं होतं.

मार्चमध्ये दादा गेला. सकाळी दाढी करताना खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

पहिले पंधरा दिवस माणसं येत-जात राहिली. मग बैठक घळसासींच्या माडीवर भरायला लागली, असं मला पोतनीसबाईंकडून मंडईत कळलं. मला काही कोणी बोलावलं नाही. त्यात कोणाचा कावा नव्हता. माझं नाव कोणाच्या डोक्यातच आलं नसणार. एप्रिलमध्ये दोनदा मी साडेतीनला सवयीने सात जणांचे पोहे भिजवले. भिजवून झाल्यावर लक्षात आलं. ते पोहे मी परतून, दही घालून, थालीपिठात घालून तीन दिवस एकटीने खाल्ले. हसायला हरकत नाही, मलाही नंतर हसू आलं. पण त्या वेळी ताटलीसमोर बसले होते तेव्हा नाही. माणूस गेल्याचं दुःख असतं हे ठाऊक होतं. त्या माणसाबरोबर रविवारही जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये धीर केला. यंत्राला हात लावायची मला कधी परवानगी नव्हती, पण दादाची वही होती. कोणतं बटण कुठवर फिरवायचं, सुईवर किती भार ठेवायचा, स्पीकर भिंतीपासून किती इंचांवर, सगळं मास्तरी अक्षरात. बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके, जमिनीवर स्पीकरच्या पायांपाशी पांढऱ्या रंगाच्या खुणा. वहीत पाहून, चष्मा सावरत, मी एका गायिकेच्या भीमपलासाची तबकडी लावली. दादा ती महिन्यातून एकदा तरी लावायचाच. मग मधल्या खुर्चीत जाऊन बसले.

तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

कडक आवाज. बाईंचा स्वर वर चढला की दाताला बर्फ लागावा तशी कळ यायची. तबला टकाटक कपाळावर आपटत होता. मी उठून सुई उचलली. दादा असताना हीच तबकडी मऊ भातासारखी होती. गरम, मऊ, त्यावर तुपाची धार. दिवसभर लोकांचे ट्रंककॉल जोडून माझे कान किटून जायचे, त्या कानांना आठवड्यातून दोन तास तो आवाज शेकून काढायचा. माझ्या कानांवर माझा विश्वास होता. तीस वर्षं मी हेडफोन लावून माणसांचे आवाज ओळखले होते. फोन करणाऱ्याला खोकला आहे की रडू येतंय, हे मला पहिल्या 'हॅलो'त कळायचं. यंत्रात काहीतरी बिघडलं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मग मी नादाला लागले. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, वायर बदल, जाड वायर घे." घेतली. कोणी सांगितलं स्पीकरखाली कडप्पा ठेवा. ठेवला. आवाज आणखी खणखणीत झाला, तेव्हा काढला. सुई नवी आणली. स्पीकर कोपऱ्यात ढकलून पाहिले. खालचा सूर वाढला, पण कोणी पिंपात तोंड घालून गातंय असं वाटायला लागलं, म्हणून परत खुणेवर आणले. चार महिने हेच. ऊब काही येईना.

अशातच घळसासींचा फोन आला. "शरयूताई, राग मानू नका, पण ते यंत्र पडून पडून खराब होईल हो. आमच्या माडीवर त्याची निगा राहील. मुकुंदरावांनाही बरं वाटेल." मी म्हटलं, "आवाज आधीच बिघडलाय त्याचा. रविवारी या." फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. यंत्र गेलं की पुढची खोली नुसती खोली राहणार होती. दादाच्या वहीच्या शेवटच्या पानावर 'दुरुस्ती : इलियास मुजावर, मिरज' असं होतं आणि खाली नंबर. मी मनाशी ठरवून टाकलं. रविवारच्या आत तो आवाज परत आला, तर वकिलांना हात जोडून सांगायचं, यंत्र देत नाही. नाही आला, तर जाऊ दे. त्या आवाजाशिवाय त्या घरात मला सोबत करील असं दुसरं काही उरलं नव्हतं.

इलियासभाईंनी गुरुवारची सगळी दुपार यंत्रात डोकं घालून काढली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनत. हे एकटे विजेच्या वाटेला गेले. पण हात तंबोरेवाल्याचाच. एकेक सुटा भाग बोटावर घेऊन असं बघायचे, जणू तो आपणहून काही सांगणार आहे.

"बटणं हललेली न्हाईत. स्पीकर खुणंवर हायत. सुई नवी हाय," ते बोटांवर मोजत म्हणाले. "मीटर लावून बघितलं, सगळं साहेबांनी ठेवलंवतं तसंच हाय. काय बी बदल न्हाई."

"बदल नाही कसा? मला ऐकू येतोय ना!"

"कसा पायजे आवाज, ते तरी सांगा."

"उबदार."

"ऊब म्हंजे?"

मी मऊ भात सांगितला. तुपाची धार सांगितली. बिचाऱ्यांनी सगळं निमूटपणे ऐकून घेतलं.

"पण साहेबांना असला आवाज कधी आवडायचा न्हाई वो," ते म्हणाले. "दोनदा मशीन माझ्याकडं आलंवतं. दोन्ही टायमाला म्हणाले, इलियास, मला साखर नको. गाणारीनं श्वास घेतला तर मला त्यो श्वास ऐकू आला पायजे. त्येच्यासाठी दोन-दोन तास बसून ऱ्हायचे दुकानात."

"दादा असं म्हणायचा?"

"आता खोटं कशाला बोलू?"

मला ते पटलं नाही. चोवीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला काय आवडतं, ते मला मिरजेच्या माणसाने सांगावं, याचा थोडा रागच आला. मी म्हटलं, "तुमच्या दुकानात काय म्हणायचा ते मला माहीत नाही. या घरात तो काय लावायचा ते मी ऐकलंय."

ते हसले. "बरं. उद्या येतो. माझा व्हॉल्व्हचा हाय एक, त्यो लावून बघू. ऊब पायजे म्हणताय तर मग त्योच."

शुक्रवारी दोन वाजता ते रिक्षातून एक जड धूड घेऊन आले. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर, वर काचेचे चार दिवे, तेच व्हॉल्व्ह. जोडल्यावर दिवे हळूहळू तांबूस झाले आणि खोलीत तापल्या धुळीचा वास सुटला. तबकडी लावली. मी मधल्या खुर्चीत बसले.

"आता?"

खरं सांगायचं तर फरक पडला होता. स्वराच्या कडा जरा घासल्यासारख्या झाल्या होत्या. पण तो आवाज नव्हे.

"अजून नाही," मी म्हटलं.

त्यांनी वरच्या सुराचं बटण उतरवलं. "आता?"

"अजून."

स्पीकर माझ्याकडे बघत होते, त्यांचं तोंड बाजूला वळवलं. मागच्या भिंतीला माझ्या दोन गोधड्या टांगल्या. स्पीकर भिंतीजवळ सरकवले, परत अर्धी वीत पुढे घेतले. तोच भीमपलास आम्ही अकरा वेळा ऐकला. गाणाऱ्या बाईंना कंटाळा आला असेल, पण इलियासभाई एकदाही वैतागले नाहीत. दर वेळी विचारायचे, "आता?" आणि दर वेळी मी मान हलवायचे. मला माझीच लाज वाटायला लागली होती. हा भला माणूस जीव तोडून काम करतोय आणि मी नवरी मुलगी पाहायला आलेल्या सासूसारखी नाकं मुरडत बसलेय.

साडेचारला त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "ताई, एक गोष्ट बोलू? राग नका मानू. आवाज मशीनमदला न्हाई तुम्हाला पायजे त्यो. माणूस गेलं की असं हुतंय. माझी आई गेल्यावर मला सहा महिने चहा गोड लागत न्हवता. साखर तीच, दूध तेच."

"म्हणजे मला भास होतोय?"

"तसं न्हाई म्हणत मी."

"तसंच म्हणताय." माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी उठले. "चहा टाकते. तुम्ही दमलात."

"टाका. मी आपला हितलं सगळं पहिल्यासारखं जोडून ठेवतो. साहेबांच्या खुणंवर."

मी आत गेले. भांड्यात पाणी घातलं, गॅस पेटवला, आलं किसायला घेतलं. माझ्या मनात रविवार पक्का झाला होता. टेम्पो येईल, दोन माणसं स्पीकर उचलतील, जमिनीवर पांढऱ्या खुणा राहतील, त्या मी घासून काढीन. बाहेर इलियासभाईंची खुडबुड चालली होती. मग खुडबुड थांबली. पाण्याला आधण आलं, मी साखर घातली, आणि भीमपलास सुरू झाला.

माझ्या हातातली किसणी ओट्यावर पडली.

तोच. तोच आवाज. मऊ, गरम, बाईंचा स्वर पाण्याच्या वाफेतून वर येतोय असा. तबला लांबून, पोटातून. रविवारचे पाच वाजलेत, पोहे झालेत, चहा उकळतोय, पलीकडे माणसं बसलीत, दादा बसलाय. मी गॅस तसाच सोडून धावले.

"इलियासभाई! हलू नका! हाच, हाच आवाज! काय केलंत तुम्ही? आहे तसंच ठेवा सगळं!"

ते सतरंजीवर बसले होते, भांबावून माझ्याकडे बघत होते. "मी काय केलं? काय बी न्हाई केलं. साहेबांचं मशीन परत जोडलं. साहेबांच्याच खुणा हायत. नीट वाजतंय का बघाया लावलं."

आणि मला ऐकू आलं. मी पुढच्या खोलीत उभी होते आणि आवाज कडक होता. बर्फासारखा, दातावर. तबला टकाटक.

मी दोन पावलं मागे गेले. स्वयंपाकघराच्या दारात घोंगडीचा पडदा होता. बैठक चालू असताना भांड्यांचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून दादाने पहिल्याच वर्षी जाडजूड घोंगडी आणली होती आणि मीच तिला कड्या शिवल्या होत्या. घोंगडी माझ्या खांद्यावरून घसरून पुढे पडली. आवाज मऊ झाला. मी ती हाताने बाजूला केली. कडक. सोडली. मऊ. मी पुन्हा बाजूला केली.

मी किती वेळा केलं कोण जाणे. इलियासभाई उठून दाराशी आले होते. घोंगडी बाजूला झाली की मला ते दिसायचे, पडली की दिसायचे नाहीत.

"ताई," ते हळूच म्हणाले, "साहेब हुते तवा तुम्ही कुठं बसायचा?"

बसायचे कुठे! मी बसत नव्हते. ओट्यापाशी उभी असायचे.

चहा उतू गेल्याचा वास आला, तेव्हा त्यांनीच आत जाऊन गॅस बंद केला. उरलासुरला चहा दोन कपांत ओतून आणला. आम्ही सतरंजीवर बसून प्यायलो.

"करता येतंय की," ते म्हणाले. "ही घोंगडी दोन तुकडे करून दोन्ही स्पीकरम्होरं टांगतो. वरचा सूर आणखी उतरवतो. मग खुर्चीत बसून तुम्हाला त्योच आवाज येईल. अर्ध्या तासाचं काम हाय."

दोन दिवस ज्याच्यासाठी मी त्यांना राबवलं, ते आता हातात होतं. हो म्हणायचं फक्त. माझ्या तोंडून मात्र निघालं, "राहू द्या."

"का वो?"

"मला ठाऊक नाही. पण राहू द्या."

त्यांनी आग्रह केला नाही. आपलं धूड उचलून रिक्षात ठेवलं, आणि रिक्षात बसण्याआधी परत येऊन म्हणाले, "साहेबांनी कदीच न्हाई सांगितलं व्हय तुम्हाला, हितं येऊन बसा म्हणून?" मग आपण जास्तच बोललो असं वाटून घाईने निघून गेले.

शनिवार मी दादावर चिडण्यात घालवला. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. वाईट माणूस नव्हता माझा भाऊ. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचा, माझ्या पगाराला त्याने कधी हात लावला नाही, मोठ्याने बोललासुद्धा नाही. बैठकीत येऊ नकोस असंही तो कधी म्हणाला नाही. फक्त ये असं म्हणाला नाही. मला आठवलं, अगदी सुरुवातीच्या एका रविवारी मी हात पुसत बाहेर आले होते आणि दाराशेजारच्या स्टुलावर टेकले होते. तबकडी लागली. दोन मिनिटं झाली असतील. कोणीतरी, बहुतेक घळसासीच, मान न वळवता म्हणाले, "शरयूताई, चहा होऊ दे की." मी उठले. पुढच्या रविवारी स्टुलावर कोणीतरी तबकड्यांचा गठ्ठा ठेवला होता. तो बाजूला ठेवून बसायला काय लागत होतं? पण मी नाही ठेवला. चोवीस वर्षं नाही ठेवला. वर त्यालाच सुख म्हणत राहिले. दादाचा राग ओसरल्यावर जो उरला तो माझा होता, आणि तो काही लवकर ओसरला नाही.

रविवारी चारला पाच कमी असताना टेम्पो दाराशी थांबला. घळसासी वकील आत आले. पांढरा झब्बा, हातात काठी, चेहऱ्यावर आधीच तयार करून आणलेली सहानुभूती.

"तबकड्यासुद्धा नेल्या तर चालतील ना? दोन फेऱ्या होतील, पण..."

"वकीलसाहेब, टेम्पो परत पाठवा. मी यंत्र देत नाही."

ते थबकले. "अहो, पण आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. माझं चुकलं. माफ करा."

"आवाज बिघडलाय म्हणत होतात. सुधारला का?"

"बिघडला नव्हता. आहे तसाच आहे. मी पहिल्यांदा ऐकतेय."

त्यांना त्यातलं काही कळलं नाही. पण वकील माणूस, न कळल्याचं दाखवायचं नाही इतकं त्यांना येत होतं. बाहेर जाऊन टेम्पोवाल्याशी बोलून आले. मग जायचं की थांबायचं याचा निर्णय न झाल्याने पूर्वीच्या आपल्या खुर्चीत, भिंतीकडच्या, टेकले. मी वही उघडली, सुईचा भार पाहिला, भीमपलास काढला. तबकडीवरची धूळ पुसली. वकील खोलीभर बघत होते. सात महिन्यांनी आले होते.

"वा," ते म्हणाले. "किती रविवार काढलेत हो इथे." आणि मग, इतकी वर्षं ज्या सुरात म्हणत आले त्याच सुरात, मान न वळवता, "शरयूताई, चहा होऊ दे की."

"होऊ दे की," मी म्हटलं. "तुम्ही टाका."

ते हसले. मी हसले नाही. मी मधल्या खुर्चीत जाऊन बसले होते.

"मी?"

"चहाचा डबा ओट्यावर आहे, साखर त्याच्या शेजारी. आलं किसून ठेवलंय. आणि आत गेल्यावर पडदा नीट ओढून घ्या, भांड्यांचा आवाज बाहेर येतो."

घळसासींचं वय तेव्हा एकाहत्तर. काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि उठले. घोंगडी बाजूला करून आत गेले. कड्या सरकल्याचा आवाज आला. मी सुई टेकवली.

आवाज कडकच होता. दोन दिवसांत तो काही बदलणार नव्हता. स्वर वर गेला तेव्हा दाताला कळ आली, तरी मी उठले नाही. खुर्चीचे हात धरून बसले. आणि मग, वरच्या षड्जावर जाण्याआधी, बाईंनी श्वास घेतला. लहानसा, घाईचा, नाकाने घेतलेला. मागून तंबोऱ्यावर कोणाचं तरी नख घासलं. पहिल्यांदाच मला शब्दही ऐकू आले; चार महिने मी नुसती ऊब शोधत होते. चोवीस वर्षं मी ज्याला नुसता स्वर समजत होते, त्यात कोणीतरी कोणालातरी विचारत होतं, की तू येणार कधी. शेजारची खुर्ची रिकामी होती, भिंतीकडची रिकामी होती. एवढं सगळं ऐकू येत होतं, आणि 'अहो, ऐकलंत का' असं म्हणावं तर खोलीत कोणी नव्हतं. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं.

तबकडीची बाजू संपायला आली तेव्हा घळसासी बाहेर आले. हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप, बशांत अर्धा चहा सांडलेला. माझा कप त्यांनी माझ्यासमोर ठेवला, आपला घेऊन बसले.

"आतून काहीच कळत नाही हो," ते म्हणाले. "नुसती घुमघुम येते. शब्द नाहीत, ताना नाहीत. तुम्ही इतकी वर्षं हेच ऐकत होतात?"

"मला ते फार आवडायचं, वकीलसाहेब," मी म्हटलं, आणि तबकडीची दुसरी बाजू लावायला उठले.